‘इस’ म्हणजे तो की ती

माझी मुलगी डॉक्टर व्हायला जॉर्जियाला गेली, तेव्हा तो देश नकाशावर बोट ठेवून दाखवा असं कुणी म्हटलं असतं तर मला दाखवता आला नसता. मी पेणला एका शाळेत मराठी शिकवते. माझे मिस्टर डोलवीला कंपनीत ठेकेदाराकडे आहेत, आठवड्याला शिफ्ट बदलते. आमच्या घरातून विमानात बसलेलं पहिलं माणूस म्हणजे ती. त्याच कॉलेजला रोह्याचा एक मुलगा निघाला होता. विमानतळावर काचेबाहेर आम्ही दोन्ही घरची माणसं एकत्रच उभी राहिलो. मुलाचे वडील रोह्याला एका कारखान्यात फिटर. आई खाडीकाठच्या मिठागरावर राबणाऱ्या घरातली. तिनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, “बाय, तुमची पोर बरोबर हाय म्हणून ह्याला सोडला. नायतर नसता सोडला.” मी म्हणाले, “वहिनी, मीही तेच म्हणते. तुमचा आहे म्हणून मी हिला सोडली.” आम्ही दोघी रडता रडता हसलो.

दुसऱ्या वर्षी मुलीला तिथली भाषा शिकणं भाग पडलं. वर्गात सगळं इंग्रजीत चालायचं, पण वॉर्डातल्या म्हाताऱ्या रोग्यांना इंग्रजीतलं ओ की ठो कळत नसे. भाषेची परीक्षा पास झाल्याशिवाय वॉर्डात जाता येणार नव्हतं. ती फोनवर रडकुंडीला आली. मी म्हटलं, “पुस्तकाच्या पानाचा फोटो पाठव. व्याकरण शेवटी व्याकरणच असतं.”

तिनं पाठवलेलं पहिलं पान सर्वनामांचं होतं. अक्षरं सगळी गोल गोल, वेलीच्या तणाव्यांसारखी. पंचवीस वर्षं मी पोरांकडून सर्वनामांचे प्रकार पाठ करून घेतले होते, आणि आता पन्नाशीला आल्यावर स्वतः घोकायला बसले. मे म्हणजे मी. शेन म्हणजे तू. च्वेन म्हणजे आम्ही. त्क्वेन म्हणजे तुम्ही, आणि आपल्यासारखंच मोठ्या माणसालाही त्क्वेनच म्हणायचं. शाळेची एक जुनी वही घेऊन मी तक्ते आखले. डावीकडे त्यांची अक्षरं, मधे देवनागरीत उच्चार, उजवीकडे मराठी. प्रकारही बरेचसे आपलेच निघाले: पुरुषवाचक, दर्शक, प्रश्नार्थक, संबंधी, अनिश्चित. एक मात्र जास्तीचा होता, नकारार्थी. अरावीन म्हणजे कुणी नाही. वेरावीन म्हणजे कुणाला जमलं नाही. नुरावीन म्हणजे कुणी करू नये. तीन वेगळ्या नकारांना तीन वेगळी सर्वनामं. मला फार आवडलं ते. स्टाफरूममध्ये सांगितलं तर सगळे म्हणाले, “बाई, तुम्हाला काय करायचंय?”

दर्शक सर्वनामं तिनं मला कपावर शिकवली. व्हिडिओवर स्वतःचा कप उचलून म्हणाली, “माझ्याजवळचा तो ‘एस’. आता तुझ्या हातात चहा आहे ना, तो ‘एग’. म्हणजे तुझ्याजवळचा. आणि दोघींपासून लांब आहे, तो ‘इस’.” मराठीत आपल्याला हा आणि तो पुरतात. ‘तुझ्याजवळचा’ असा वेगळा शब्द ठेवणारी ती माणसं मला मायाळू वाटली.

त्यांच्यात ‘आपण’ मात्र नव्हतं. “आम्ही म्हणजे तुला धरून की सोडून, हे कळणार कसं गं?” मी विचारलं.

“नाही कळत.”

“आणि तो आणि ती?”

“तेही एकच. दूरची वस्तू ‘इस’, तो माणूस ‘इस’, ती बाईपण ‘इस’. लिंगच नाही गो आई त्यांच्या भाषेत. नामाला नाही, सर्वनामाला नाही, क्रियापदाला नाही.”

“मग समोरच्याला समजतं कसं?”

“समजतं. ज्याच्याबद्दल बोलतात तो माहीतच असतो ना.”

मी वहीत लिहिलं: इस, तो/ती/ते. त्याच्याखाली विभक्तीची रूपं लिहिली: मास म्हणजे त्याला किंवा तिला, मिसी म्हणजे त्याचा किंवा तिचा, मास्तान म्हणजे त्याच्यापाशी किंवा तिच्यापाशी. बाजूला एक प्रश्नचिन्ह काढलं.

ती परीक्षा पास झाली. तिसऱ्या वर्षी त्या दोघांनी हॉस्टेल सोडलं आणि तिबिलिसीच्या कडेला एका म्हाताऱ्या बाईच्या घरात वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. मधे सामाईक स्वयंपाकघर, बाई खाली राहायची. मुलगा आणि मुलगी एका घरात, म्हणून आम्ही चारही आईबापांनी फोनवर बरीच चर्चा केली. शेवटी रोह्याची वहिनीच म्हणाली, “बहीण-भावावानी हायत. एकटी-एकटी राहण्यापेक्षा बरी.” घरमालकीण दोघांनाही ‘बावश्वी’ म्हणायची, म्हणजे लेकरू. त्यांच्यासाठी भाकरीसारखं काहीतरी चीज भरून करून वर पाठवायची.

त्या तिसऱ्या वर्षातला जानेवारी होता. नवीन वर्षाच्या सुट्टीत त्यांची बहुतेक मित्रमंडळी घरी आली होती किंवा फिरायला गेली होती. या दोघांचा एकेक पेपर राहिला होता म्हणून ती मागं थांबली. सकाळी साडेनऊच्या सुमारास मी नववीच्या वर्गावर होते. फोन शाळेत आवाज बंद करून ठेवते, पण तो पर्समध्ये पुन्हा पुन्हा थरथरत होता. बाहेर व्हरांड्यात येऊन घेतला. मुलाचे वडील होते.

“ताई, पोरीशी बोलणं झालं का तुमचं?”

“काल दुपारी झालं. का हो, भाऊ?”

“त्या घरमालकिणीचा फोन आला होता. भाड्याच्या कागदावर माझा नंबर हाय ना. बाई नुसती रडतेय. मला एक शबुद कळला नाय. पोरगा फोन उचलत नाय. तुमची पोरगीपण नाय.”

मी लगेच लावला. मुलीचा फोन वाजत राहिला, वाजून वाजून बंद झाला. अकरा वेळा लावला. मुख्याध्यापकांना काय सांगितलं ते आठवत नाही, खडूचे हात तसेच घेऊन मी एसटी स्टँडवर पोचले. मिस्टर पहिल्या शिफ्टला होते आणि आत जाताना त्यांचा फोन गेटवर ठेवावा लागतो. सुपरवायझरला निरोप दिला. घरमालकिणीचा नंबर रोह्याच्या फोनमध्ये, बोलणारी माणसं तिथं, म्हणून मी रोह्याची गाडी पकडली.

वडखळच्या नाक्यावर गाडी अडकली. उजव्या हाताला डोलवीचा धूर दिसत होता. त्या धुराखाली हेल्मेट घालून माझा माणूस काम करत होता आणि त्याला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. मला त्याचा हेवा वाटला. नागोठण्याच्या पुढं पुन्हा मुलाच्या वडिलांचा फोन आला. एवढंच म्हणाले, “ताई, मेसेज आलाय. तुम्ही या.”

“काय आलाय? भाऊ, काय लिहिलंय?”

“तुम्ही या,” म्हणाले आणि फोन ठेवला. नंतर उचललाच नाही.

कुंडलिकेच्या पुलाअलीकडे त्यांचं घर आहे. दारात पाच-सहा चपला होत्या. मला पाहून बाहेरची माणसं बाजूला झाली, आणि त्यांच्या त्या बाजूला होण्यातच मला कळलं. वहिनी आतून धावत आली, तिनं मला छातीशी गच्च धरलं आणि हंबरडा फोडला, “तुझी पोर गेली गो बाय! कशी गेली गो!”

मी तिथंच उंबऱ्यावर बसले. मला रडू आलं नाही. कानात नुसता घूं असा आवाज सुरू झाला. कुणीतरी पाणी आणलं. वहिनी माझं डोकं कुरवाळत होती, तिचे अश्रू माझ्या भांगात पडत होते. ते माझ्या मुलीसाठीच होते, यात मला आजही शंका नाही. पण ज्या आईचं पोर वाचलंय तिच्या अंगाला एक थरथर असते. तीही मला लागत होती.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग मी म्हटलं, “काय लिहिलंय ते दाखवा मला.”

भाऊ नको म्हणत होते. मी हात पुढं करून राहिले, तेव्हा त्यांनी फोन दिला. मालकिणीचा मेसेज त्यांनी फोनमधल्या भाषांतराच्या सोयीतून मराठी करून घेतला होता. तिथं होतं:

“मुलांना गॅसने विषबाधा झाली. एक मूल आम्ही गमावले. दुसरा जिवंत आहे, रुग्णालयात आहे, तो अजून बोलत नाही. मी त्याच्याजवळ आहे.”

दुसरा. तो. त्याच्याजवळ. मी ते तीन-चारदा वाचलं. आणि मग, मला सांगायला लाज वाटते, त्या क्षणी माझ्यातली मराठीची शिक्षिका जागी झाली. मी खाली सरकवून मूळ मजकूर काढला. त्या गोल अक्षरांतून एक शब्द मला एकदम ओळखीचा दिसला. मास्तान. माझ्या वहीतला. त्याच्यापाशी किंवा तिच्यापाशी. वर ‘बावश्वी’ होतं, लेकरू. त्याच्या पुढं ‘दुसरं’ या अर्थाचा शब्द, त्यालाही लिंग नाही. मी ओळ न् ओळ बोट ठेवून पाहिली. अख्ख्या मजकुरात तो की ती हे सांगणारं एकही अक्षर नव्हतं. ‘तो’ त्या बाईनं लिहिलाच नव्हता. भाषांतर करणाऱ्या यंत्राला मराठीत काहीतरी एक निवडणं भाग होतं, म्हणून त्यानं ‘तो’ निवडला होता.

मी फोन तसाच हातात धरून ठेवला, भाऊंना परत दिला नाही.

त्या खोलीत हे कळलेली मी एकटी होते. समोर वहिनी बसली होती. तिच्या लेखी तिचा मुलगा वाचला होता आणि तरी ती माझ्यासाठी रडत होती. मी गप्प राहू शकले असते. तासाभरानं, दोन तासांनी कुठूनतरी खरं कळलंच असतं. पण मला ते दोन तास झेपणार नव्हते. पुष्कळांनी मला नंतर सांगितलं की बाई, तुम्ही खरं तेच सांगितलं. खरं सांगावं म्हणून मी बोलले नाही. माझी मुलगी जिवंत असू शकते, हे मला मोठ्यानं म्हणायचं होतं, म्हणून बोलले.

“भाऊ,” मी म्हटलं, “यात तो म्हटलेलं नाही.”

“म्हंजे?”

“त्यांच्या भाषेत तो आणि ती एकच असतं. हे मराठी यंत्रानं केलंय. बाईनं लिहिलंय की एक लेकरू गेलं आणि एक आहे. कुठलं, ते लिहिलेलं नाही.”

भाऊंना आधी समजलंच नाही. मी पुन्हा सांगितलं, वर्गात सांगते तसं, सावकाश. सांगता सांगता त्यांचा चेहरा मातीसारखा होत गेला. वहिनीचा हात माझ्या पाठीवर होता. तो तिनं काढून घेतला.

“असं कुठं असतंय?” ती म्हणाली. “बाप्या आनि बाई एकच? असं नसतंय.”

“वहिनी, तिथं असतं. मी शिकलेय थोडं.”

“तू शिकलीस म्हनून माझा पोरगा मरेल काय?” ती उठून उभी राहिली. “तुला माझा मेलेला पायजे. तुझी जगायला पायजे म्हनून माझा मेलेला पायजे!”

“अगो, गप,” भाऊ म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. माझ्या मनात नेमकं तेच चाललं होतं. माझ्या मुलीसाठी देवाजवळ काही मागायचं तर मागताना त्या पोराचं मरण मागावं लागत होतं. हॉस्टेलच्या पहिल्या वर्षी माझी मुलगी तापानं फणफणली असताना रात्रभर तिच्या उशाशी बसलेलं ते पोर. “काकू, काळजी करू नका, मी हाय,” असं मला फोनवर म्हणणारं.

घरमालकिणीचा फोन लागत नव्हता. भाऊंनी वीसेक वेळा लावला. परराष्ट्र खात्याच्या दिल्लीच्या एका नंबरवर कुणीतरी नाव, पत्ता लिहून घेतला आणि चौकशी करून कळवतो म्हणाले. तिकडं अजून सुट्टीच होती. शेवटी मी म्हटलं, “मी तिला आवाजात मेसेज पाठवते. दोनच शब्द विचारायचेत.”

“कुठलं दोन शबुद?” भाऊंनी विचारलं.

“गोगो म्हणजे मुलगी. बिची म्हणजे मुलगा. जे जिवंत आहे ते गोगो की बिची, एवढंच.”

“नको,” वहिनी म्हणाली. ती भिंतीला टेकून खाली बसली होती. मघाचा राग कुठल्या कुठं गेला होता. “नको इचारू गो बाय. तुझ्या पाया पडते. थांब जरा. थोडा टायम थांब.”

तिला काय म्हणायचंय ते मला कळलं. विचारलं नाही तोवर तिचा मुलगा होता. मी मात्र विचारलं नाही तोवर माझी मुलगी नव्हती. भाऊ दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिले, मग त्यांनी स्वतःच रेकॉर्डचं बटण दाबून फोन माझ्या तोंडाजवळ धरला. मी म्हणाले, “एग, गोगो तु बिची?” म्हणजे तुझ्याजवळचं लेकरू, मुलगी की मुलगा? त्यांच्यात ‘की’ला ‘तु’ म्हणतात. बस, चार शब्द. मेसेज गेला. एक खूण आली. दुसरी येईना.

त्यानंतर आम्ही तिघं त्या खोलीत बसलो. शेजारची बाई चहा ठेवून गेली, त्यावर साय धरली. बाहेर टमटम थांबत होत्या, पुलावरून गाड्या जात होत्या. वहिनी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं देवाचं नाव घेत असेल. नीट ऐकलं तर ती त्यातला एकच शब्द म्हणत होती. बिची, बिची, बिची. मी पाठ करून घेतल्यासारखी. मी तिला ते शिकवले नसते तर बरं झालं असतं. मग उत्तर आलं तरी मी आधी ऐकलं असतं, मनाशी धरून ठेवलं असतं, निदान भाऊंना बाजूला घेऊन सांगितलं असतं.

सव्वाएकला फोन वाजला. आवाजाचाच मेसेज होता. भाऊंनी टेबलावर ठेवून लावला. म्हातारी रडत, धापा टाकत खूप काही बोलत होती. त्यातलं मला फक्त ‘वेरावीन’ कळलं. कुणाला जमलं नाही. मग ती थांबली, नाक ओढलं, आणि स्पष्ट म्हणाली, “गोगो.” पुन्हा म्हणाली, “गोगो, गोगो.”

भाषांतराची गरजच पडली नाही.

वहिनी ओरडली नाही. तिनं वर माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला माहीत आहे, कारण आतून मला ते जाणवलं आणि थांबवता आलं नाही. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ असेल. पण तिनं ते पाहिलं. मी लगेच तिच्याकडे गेले, तिला धरायला. तिनं मला दोन्ही हातांनी ढकललं. “तू हसलीस,” म्हणाली. “माझा गेला आनि तू हसलीस.”

मी हसले नव्हते. पण जे काही होतं त्याला दुसरं काय म्हणावं, हे मलाही सांगता येणार नाही.

मिस्टर चारच्या सुमाराला आले, कपड्यांवर कारखान्याची राख तशीच. वाटेत त्यांना कुणीतरी आधीची बातमी सांगितली होती, मुलगी गेली म्हणून. दारात मला बघून त्यांनी भिंतीवर डोकं आपटलं. मी त्यांच्या कानात सांगितलं, आहे, आपली आहे. ते माझ्याकडे वेड्यासारखे बघत राहिले आणि मग आतून वहिनीचा आवाज ऐकून तसेच खाली बसले. आम्ही आनंद केला नाही. तो करायची जागाच नव्हती.

नंतर समजलं ते असं. बाथरूमच्या गॅसच्या बंबाचं धुराडं बर्फानं बुजलं होतं. दोघं स्वयंपाकघरात अभ्यासाला बसली होती. जळताना होणारा विषारी वायू घरातच कोंडला, आणि त्याला वास नसतो. मुलगी दाराच्या फटीजवळच्या खुर्चीवर होती, तो आत खिडकीच्या बाजूला, आणि खिडकी थंडीमुळं चिकटपट्टीनं बंद केलेली. सकाळी म्हातारी वर गेली. तिला गेलेल्याचं नाव लिहवेना, म्हणून तिनं लेकरू, दुसरं लेकरू असं लिहिलं. हे तिनंच पुढं मला सांगितलं, तिथल्या एका भारतीय विद्यार्थ्याला मधे बसवून.

मुलाला रोह्याला आणलं त्या दिवशी आम्ही दोघं गेलो. दारात एका म्हाताऱ्या नातेवाईक बाईनं मला अडवलं. “ती म्हनते मास्तरणीला आत घेऊ नका.” मिस्टर आत गेले, खांदा द्यायला नदीपर्यंत गेले. मी रस्त्याच्या पलीकडे एका बंद दुकानाच्या शटरपाशी उभी राहिले. ओळखीची माणसं जाताना बघत, कुणी थांबे, कुणी नाही.

आमच्यापैकी कुणाकडेच पासपोर्ट नव्हता. तो निघेपर्यंत ती म्हातारीच माझ्या मुलीपाशी बसली. रोज दुपारी फोनवर तिचा चेहरा दाखवायची. आमच्यात बोलायला सर्वनामांपलीकडे फारसं काही नव्हतं. ती मुलीकडे बोट दाखवून म्हणायची, “एस, च्वेनी गोगो.” ही, आमची मुलगी. मी विचारायची, “इस?” आणि वर आभाळाकडे बोट करायची, म्हणजे तिला सांगितलंत का त्याच्याबद्दल? म्हातारी मान हलवायची. नाही. डॉक्टरांनी सांगू नका म्हटलं होतं. मुलीला हळूहळू बोलता यायला लागलं, आणि पहिलं तिनं मला विचारलं, “तो कुठंय गो आई? त्याचा पेपर होता.” मी म्हणाले, “रोह्याला आलाय.” ते खोटं नव्हतं.

मार्चमध्ये तिला घरी आणलं. हात थरथरतो. वाक्य अर्ध्यावर विसरते. कॉलेजला परत जाईल असं डॉक्टर म्हणत नाहीत, आणि तिनंही विचारलेलं नाही. त्याचं तिला आम्ही पेणला घरात सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “मला रोह्याला जायचंय.”

मी खूप समजावलं. ऐकेना. एका रविवारी तिला घेऊन गाडीनं गेले. त्या घरापाशी मी थांबले आणि तिला म्हटलं, तू जा. वहिनी दारात आली. किती वाळली होती. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. मुलीचा थरथरणारा हात धरला, तिला आत नेलं आणि दार लोटून घेतलं. मी पायरीवर बसले. दोन तासांनी मुलगी बाहेर आली, डोळे सुजलेले.

तेव्हापासून दर रविवारी ती जाते. एकटीला गाडीत सोडवत नाही म्हणून मी सोबत असते, पण हल्ली स्टेशनवरच बाकावर बसते. वहिनी तिला जेवायला घालते, तिच्या केसांना तेल लावते. आणि एकच गोष्ट विचारते. त्या संध्याकाळी तो काय बोलला, काय जेवला, घरची आठवण काढली का.

चार-पाच रविवार झाल्यावर परतीच्या गाडीत मुलगी मला म्हणाली, “आई, मला त्या दिवसाचं काहीच आठवत नाही. दुपारचा चहा आठवतो. पुढं सगळं पुसलंय.”

“मग तू वहिनीला काय सांगतेस?”

“बनवून सांगते.” ती खिडकीबाहेर बघत होती. “पहिल्यांदा म्हटलं की त्यानं पोहे केले. तर ती म्हणाली, कांदा घातला का? मी म्हटलं, घातला. मग पुढच्या वेळी तिला आणखी हवं असतं. आता मी म्हटलंय की तो तिच्या मच्छीच्या आमटीबद्दल बोलत होता. ती इतकी रडली आई, इतकी रडली. आणि मग तिनं मला पोटभर जेवायला लावलं.”

“आणि तुला आठवायला लागलं तर? काही वेगळंच निघालं तर?”

“माहीत नाही.”

नागोठणं आलं, गाडी थांबली. तिनं पिशवीतून वहिनीनं दिलेला डबा काढून मांडीवर घेतला, हात थरथरत होता म्हणून झाकण तिला उघडेना. मी उघडून दिलं. आत बोंबलाचं कालवण आणि दोन तांदळाच्या भाकऱ्या होत्या. ती खायला लागली. मला तिनं विचारलं नाही, आणि मीही घेतलं नाही, कारण तो डबा माझ्यासाठी दिलेला नव्हता. थोड्या वेळानं ती म्हणाली, “पुढच्या रविवारी काय सांगू गं?”

डब्याचं झाकण पुसता पुसता मी म्हटलं, “सांग की डोळा लागताना त्यानं आईचं नाव घेतलं.”